हिचं नाव कुठं येतं यात?

मागच्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी नवा लॅपटॉप घेतला. सोसायटीत कुणीही स्क्रीन असलेली कुठलीही वस्तू विकत घेतली की ती 'चालू करून देणं' हे माझं काम. (सॉफ्टवेअर इंजिनियर असण्याचे तोटे. आतापर्यंत टीव्ही, राउटर आणि एकदा चक्क वॉशिंग मशीन झालंय.) तर रविवारी सकाळी गेलो, काकूंनी चहा दिला, मी लिनक्स टाकलं, मराठी कीबोर्ड चालू केला. मग काकू म्हणाल्या, "तो आपला मुलांचा प्रोग्रॅम पण टाक रे. सुट्टीत बिल्डिंगमधली पोरं येतात."

'आपला' प्रोग्रॅम म्हणजे लहान मुलांसाठीचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर. बेरीज-वजाबाकी, शब्द जुळवणं, चित्रं रंगवणं असले खेळ. टाकला. उघडला. सगळं मराठीत दिसलं. काकांनी चष्मा सरसावला, दोन-तीन मेनू उघडून बघितले आणि सहज विचारलं,

"हिचं नाव कुठं येतं यात?"

मी म्हटलं, "येतं ना काका, अबाउटमध्ये." उघडून दाखवलं. 'मराठी भाषांतर' या शब्दांपुढे एकच नाव होतं. माझं.

काका काही बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, "अहो, ते कॉम्प्युटरचं काम त्याचंच आहे." आणि आत जाऊन माझ्यासाठी चिवडा घेऊन आल्या. तो चिवडा घशाखाली उतरेना, एवढंच सांगतो.

हे २००९ सालचं प्रकरण आहे. तेव्हा मी नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती आणि मराठी लिनक्सचं वारं अंगात शिरलं होतं. पुण्यात रेड हॅटच्या ऑफिसातून आणि इतर ठिकाणांहून बरीच मंडळी नोम, केडीई, फेडोराचं मराठी करत होती. म्हटलं, आपणही एक छोटा प्रोग्रॅम घेऊ. अकराशेच्या आसपास वाक्यं होती. शनिवार-रविवार बसून दोन महिन्यांत उरकली, प्रिंट काढला आणि काकूंना दिला. काकू तीस वर्षं नाशिकच्या शाळेत मराठी शिकवायच्या, नुकत्याच रिटायर झालेल्या. म्हटलं, शुद्धलेखन तेवढं बघतील.

चार आठवड्यांनी प्रिंट परत आला. लाल पेनानं नाही, पेन्सिलीनं. ("लाल पेनानं माणूस घाबरतो," हे काकूंचं म्हणणं.) शुद्धलेखनाच्या चुका होत्याच, पण त्या किरकोळ होत्या. खरी गोष्ट वेगळीच होती.

चुकीचं उत्तर टाकलं की मी लिहिलं होतं, 'अवैध निवेश'. काकूंनी समासात लिहिलं होतं: "निवेश म्हणजे हिंदीत गुंतवणूक. आणि अवैध म्हणजे दारू. दुसरीतल्या मुलाला काय कळणार?" त्याजागी: 'हे इथे चालणार नाही. पुन्हा लिही.'

इंग्रजीत 'यू' म्हटलं की काम भागतं. मराठीत तू की तुम्ही, इथपासून सुरुवात. मुलांसाठी आहे म्हणून मी सगळीकडे 'तू' केलं होतं आणि जिंकल्यावर 'तू जिंकलास!' असं लिहिलं होतं. काकूंनी त्याखाली रेघ मारून विचारलं होतं, "आणि मुलगी खेळत असेल तर?" खरंच की! 'जिंकलास' मुलगा, 'जिंकलीस' मुलगी. प्रोग्रॅमला कुठं माहीत असतं समोर कोण बसलंय ते? असली वाक्यं थोडीथोडकी नव्हती, चाळीसेक होती. 'तू विसरलास', 'तू पोचलास', 'तू चुकलास'. काकूंनी एकेक वाक्य असं फिरवून दिलं की त्यात मुलगा-मुलगी प्रश्नच उरला नाही. 'तू जिंकलास'चं झालं 'शाब्बास! जमलं!'. 'तू चुकलास'चं झालं 'थोडक्यात हुकलं'. वाचताना कळतही नाही की इथं काही अडचण होती. उत्तम दुरुस्तीचं हेच दुर्दैव म्हणायचं. ती दिसत नाही.

मी ते सगळं टाइप केलं, फाईल पाठवून दिली, पुढच्या आवृत्तीत आली. काकूंना पेढे दिले. विषय संपला.

आता थोडं तांत्रिक. (ज्यांना हे माहीत आहे त्यांनी दोन परिच्छेद सोडून पुढे जावं.) भाषांतराची म्हणून एक साधी टेक्स्ट फाईल असते, तिला पीओ फाईल म्हणतात. वर इंग्रजी वाक्य, खाली मराठी, अशा जोड्या. फाईलच्या माथ्यावर काही माहिती असते, त्यात एक ओळ 'लास्ट-ट्रान्सलेटर' अशी. म्हणजे शेवटी ज्यानं हात लावला त्याचं नाव. तुम्ही एखाद्या एडिटरमध्ये फाईल उघडून एक स्वल्पविराम बदलून सेव्ह केली की तो एडिटर आपणहून तिथं तुमचं नाव टाकतो आणि आधीचं पुसतो. अकराशे वाक्यं करणारा गेला, स्वल्पविरामवाला राहिला!

हे लक्षात घेऊन नोमवाल्यांनी एक छान युक्ती केलेली आहे. भाषांतर करायच्या वाक्यांमध्येच एक खोटं वाक्य असतं, 'ट्रान्सलेटर-क्रेडिट्स'. त्याचं भाषांतर करायचं नसतं, त्याजागी भाषांतर करणाऱ्यांनी आपापली नावं लिहायची असतात, आणि ती अबाउटच्या खिडकीत दिसतात. केडीईतही असाच प्रकार आहे. म्हणजे नावासाठी जागा ठेवलेली असते, हवी तेवढी नावं मावतात. आमच्या प्रोग्रॅममध्येही ती होती. ती भरणारा मी होतो आणि मी एक नाव लिहून पुढच्या वाक्यावर गेलो होतो. मुद्दाम नाही. आठवलंच नाही. लबाडी असती तर निदान लक्षात तरी राहिली असती.

आणि गंमत बघा. त्याच वर्षी ऑफिसात माझं एक मॉड्यूल क्लायंटला दाखवलं गेलं तेव्हा स्लाइडवर माझ्या लीडचं नाव होतं. मी आठवडाभर कँटीनमध्ये धुमसत होतो. मित्रांना पकडून पकडून सांगितलं. घरी येऊन काकूंनासुद्धा सांगितलं होतं! "वाईट आहे हो," असं त्या म्हणाल्याचं मला स्पष्ट आठवतं. तेव्हा त्यांच्या पेन्सिलीचे ते कागद माझ्या टेबलावर पडलेले होते.

असो. तर चिवड्यानंतरच्या रविवारी डोकं जरा जागेवर यावं म्हणून पांडवलेण्यावर गेलो. नाशिककर असून मी तिथं शेवटचा गेलो होतो शाळेच्या सहलीला. मुंबई-आग्रा हायवेला लागून टेकडी, दोनेकशे पायऱ्या, वर चोवीस लेणी. यावेळी जाताना थोडा अभ्यास केला होता. सेनार नावाच्या फ्रेंच पंडितानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात इथले शिलालेख वाचून छापले आहेत. त्यातली भाषांतरं मोबाईलवर घेऊन गेलो.

आणि मला एकदम जाणवलं की अरे, ही तर क्रेडिट्सची फाईल आहे. दोन हजार वर्षं जुनी, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत!

बघा ना. एकोणीस नंबरचं लेणं छोटंसं आहे, पण सगळ्यांत जुन्यांपैकी. त्यावर लिहिलंय की सातवाहन कुळातल्या कण्ह राजाच्या काळात नाशिकच्या श्रमणांवर नेमलेल्या महामात्रानं ते करवलं. शेजारच्या चैत्यगृहाच्या दारावरच्या लेखात एका गावाचं दान नोंदलंय, धंभिक गावाचं. एका माणसाचं नाव नाही, अख्ख्या गावाचं! सतरा नंबरचं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या उत्तरेकडून आलेल्या यवनानं दिलेलं, सोबत बापाचं नाव धर्मदेव. एका लहान लेण्यावर मुगूदास नावाच्या कोळ्याचं नाव आहे, कुटुंबासहित. तीन नंबरला गौतमी बलश्री आपल्या मुलाचं आणि नातवाचं नाव घेते आणि स्वतःचंही ठसठशीत लिहिते.

दहा नंबरचं लेणं नहपानाचा जावई उषवदात याचं. हा गडी तर पक्का हिशोबी. तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. त्यातले दोन हजार गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजानं, आणि एक हजार विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजानं. व्याजातून भिक्षूंना वस्त्रं वगैरे. सगळं दगडात लिहून ठेवलंय. आणि त्याच लेण्यात एका खोलीच्या दारावर वेगळी नोंद आहे की ही खोली त्याच्या बायकोनं, दक्षमित्रेनं दिली. नवऱ्याच्या नावाखाली गेली असती तर कुणाला काय कळणार होतं? पण खोली तिची, म्हणून नाव तिचं. मी तिथं पाच मिनिटं उभा होतो. 'कंट्रिब्युशन'चा आकार केवढाही असो, ओळ वेगळी.

पण थोडं फिरल्यावर दुसरी गोष्ट लक्षात येते आणि मग ती पाठ सोडत नाही. राजा आहे, राणी आहे, अधिकारी आहे, व्यापारी आहे, कोळी आहे, गाव आहे. ज्यानं छिन्नी धरली तो कुठं आहे? खांबांवरचे ते बैल, हत्ती, ती घंटेच्या आकाराची शीर्षं कुणी कोरली? शिलालेखातलं 'केलं' म्हणजे 'पैसे दिले'. आणि ती अक्षरंसुद्धा कोरली त्याच हातांनी! दुसऱ्याचं नाव सुबक कोरून माणूस उतरून घरी गेला.

अपवाद आहेत. कर्जतजवळ कोंढाण्याच्या लेण्यात एका मोडक्या मूर्तीशेजारी एक ओळ आहे की कण्हाचा शिष्य बालक यानं हे केलं. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराची नोंद आहे, वेणुवासाचा मुलगा, दाराचं काम त्याचं. अशी नावं मोजकीच सापडतात, पण त्यावरून एवढं कळतं की लिहिणं अशक्य नव्हतं. रिवाज नव्हता, इतकंच.

खाली उतरलं की पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. फाळके आपल्या त्र्यंबकचे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. तो करताना सरस्वतीबाई फाळक्यांनी दागिने दिले, रात्री फिल्मला भोकं पाडली, रसायनं कालवून फिल्म डेव्हलप केली, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या आणि वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रोड्युसर, लॅब, लाइटिंग आणि केटरिंग. आज कुठल्याही सिनेमाच्या शेवटी या चार खात्यांची लांबलचक यादी सरकत जाते. आणि आपण तोवर पार्किंगमध्ये पोचलेले असतो. :)

आता परत आपल्या धंद्याकडे येतो. लेण्यात जो फरक दिसला, करणारा वेगळा आणि नोंदवणारा वेगळा, तो सॉफ्टवेअरवाल्यांनी चांगला ओळखलेला आहे. लायनस टॉरवल्ड्सनं २००५ साली गिट लिहिलं तेव्हा प्रत्येक कमिटमध्ये दोन वेगळे रकाने ठेवले. एक ऑथर, एक कमिटर. पॅच लिहिणारा कोणी एक, तो भांडारात ठेवणारा कोणी दुसरा. कोनाडा तयार असतो, फक्त त्यात नाव ठेवायचं. लिनक्स कर्नलमध्ये याहून बारीक कोनाडे आहेत. बग सांगितला कुणी, तपासलं कुणी, चालवून बघितलं कुणी, प्रत्येकासाठी वेगळी ओळ. २००४ पासून 'साइन्ड-ऑफ-बाय' आलं. ते मुख्यतः कोर्टकचेरीच्या भीतीनं आलं, पण त्यामुळे कोड कुणाकुणाच्या हातून आला याची साखळी राहू लागली.

एवढं सगळं असून भांडणं व्हायची ती होतातच. कारण कोनाडे कितीही केले तरी भरणारा माणूसच असतो, आणि बहुतेक वेळा तो मर्ज करणारा असतो. २०२३ साली एका तरुण प्रोग्रॅमरनं जाहीरपणे लिहिलं की कर्नलमधला एक अवघड बग त्यानं शोधला, दुरुस्तीही लिहून पाठवली. मेंटेनरला ती दुरुस्ती तशीच्या तशी पटली नाही, म्हणून त्यानं स्वतःच्या पद्धतीनं लिहिली आणि त्या मुलाला 'रिपोर्टेड-बाय' दिलं. म्हणजे बग सांगणारा. त्याच्या दृष्टीनं ती त्याची कर्नलमधली पहिली दुरुस्ती होती, आणि ती हातातून निसटली. जगभर चर्चा झाली, मेंटेनरनं माफी मागितली. मला त्या मेंटेनरमध्ये खलनायक दिसत नाही. मला त्याच्यात मी दिसतो. घाईत असलेला, काम बरोबर झालं की झालं असं मानणारा, कोनाडा समोर असून न बघणारा माणूस.

दुसरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. कॉन कोलिवास हा ऑस्ट्रेलियातला भूलतज्ज्ञ डॉक्टर. कर्नलशी व्यवसायानं काही संबंध नाही, हौस. डेस्कटॉपवर गाणं ऐकताना अडखळू नये म्हणून त्यानं शेड्यूलर (कुठल्या प्रोग्रॅमला किती वेळ प्रोसेसर द्यायचा हे ठरवणारा भाग) नव्यानं लिहिला. सगळ्यांना समान वाटा, ही त्यातली मुख्य कल्पना. ती चालते हे त्यानं करून दाखवलं. मग एप्रिल २००७ मध्ये इंगो मोलनार या जुन्याजाणत्या डेव्हलपरनं बासष्ट तासांत आपला वेगळा शेड्यूलर लिहिला आणि कर्नलमध्ये तो गेला. इंगोनं श्रेय दिलं नाही असं कुणी म्हणू शकत नाही. जाहीर करताना दिलं, सोर्स फाईलच्या माथ्यावर कॉनचं नाव घालून दिलं. तरी कॉन त्याच वर्षी कर्नलचं काम सोडून गेला. त्यामागे इतरही कारणं होती. पण नाव मिळालं म्हणजे सगळं मिळालं असं होत नाही, हे त्यावरून शिकण्यासारखं आहे. माणसाला आपलं काम त्यात राहिलेलं बघायचं असतं, आणि काम चालू असताना कुणीतरी विचारावं असंही वाटतं. नाव ही त्यातली सगळ्यांत स्वस्त गोष्ट. निदान तीत तरी कंजूषपणा करू नये!

इथं एक आक्षेप नेहमी येतो. सगळ्यांची नावं घालत बसलो तर यादी कुठं संपणार? हा आक्षेप खोटा नाही. बीएसडीच्या जुन्या लायसन्समध्ये एक कलम होतं की या सॉफ्टवेअरची जाहिरात केलीत तर आमच्या युनिव्हर्सिटीचा उल्लेख करा. लोकांनी ते लायसन्स उचललं आणि युनिव्हर्सिटीच्या जागी आपापली नावं घातली. रिचर्ड स्टॉलमननं १९९७ च्या नेटबीएसडीमध्ये अशी वाक्यं मोजली तर पंचाहत्तर भरली! म्हणजे एका जाहिरातीत पंचाहत्तर आभार. लग्नपत्रिकेवरच्या 'आपले विनम्र' मंडळींसारखं. शेवटी १९९९ मध्ये बर्कलीनं ते कलमच काढून टाकलं.

पण त्यातून निघणारा धडा नीट वाचायला हवा. जाहिरातीत नाव घालण्याची सक्ती अडचणीची झाली. सोबत एक फाईल ठेवून त्यात नावं लिहिणं कधीच कुणाला अडचणीचं झालं नाही. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गचं 'कर्ल' घ्या. इंटरनेटवरून डेटा आणायची ही लायब्ररी तुमच्या फोनमध्ये, टीव्हीमध्ये, गाडीतसुद्धा असण्याची दाट शक्यता आहे. त्यात 'थँक्स' नावाची फाईल आहे, तीन हजारांच्या वर नावं. कोड लिहिणारेच नाहीत, नुसता बग सांगणारेही. एक ओळ, एक नाव. गिगाबाइटच्या जमान्यात ती फाईल किती जागा खाते? एका सेल्फीहूनही कमी.

(बिचाऱ्या डॅनियलला क्रेडिटचा उलटा त्रासही होतो. गाड्यांच्या स्क्रीनवर लायसन्सच्या मजकुरात त्याचा ईमेल दिसतो, आणि लोक त्याला लिहितात की आमच्या गाडीचं अमुक बंद पडलंय, काय करू? तुमच्याही फोनमध्ये सेटिंग्जच्या तळाशी कायदेशीर माहितीत ओपन सोर्स लायसन्सची अशी यादी सापडेल. एकदा उघडून खाली सरकवत राहा. अंगठा दुखतो, यादी संपत नाही.)

आणि मोजणी कशाची होते त्याचंही बघायला पाहिजे. २०२१ मध्ये मंगळावर इंजेन्युइटी हेलिकॉप्टर उडालं, तेव्हा त्यात वापरलेल्या ओपन सोर्स लायब्ररींना हातभार लावणाऱ्या जवळपास १२,००० लोकांना गिटहबनं प्रोफाइलवर एक बिल्ला दिला. किती सुंदर कल्पना! घरी बसून लिहिलेली चार ओळींची दुरुस्ती आणि मंगळ. पण तो बिल्ला कमिटवरून दिला गेला. ज्यांनी कागदावर पेन्सिलीनं खुणा केल्या, फोनवर तासभर समजावलं, 'हे असं करू नकोस' म्हणून एखादी चूक होण्याआधीच थांबवली, त्यांचा कमिट नसतो. कॉम्प्युटर फक्त कीबोर्ड दाबणारा हात मोजतो. बाकीचे मोजायचे असतील तर कीबोर्डवाल्यानं थांबून स्वतः लिहावं लागतं.

म्हणून मी स्वतःपुरतं एक ठरवलंय. नाव नंतर घालायचं नाही. काम हातात असतानाच, त्याच कमिटमध्ये घालायचं. 'को-ऑथर्ड-बाय' म्हणून एक ओळ खाली लिहिली की गिटहब २०१८ पासून दोघांनाही लेखक दाखवतं. दहा सेकंदांचं काम आहे. 'सगळं झालं की एकदम आभार मानू' हे आपण म्हणतो तेव्हा तो दिवस येत नाही. मला पंधरा वर्षं आला नव्हता. आणि दुसरं म्हणजे नुसतं नाव लिहायचं नाही, काय केलं ते लिहायचं. 'सहकार्याबद्दल आभार' यात काहीच कळत नाही. त्या सामी सुतारासारखं असावं. दाराचं काम त्याचं.

तर रविवारी संध्याकाळी घरी येऊन जुनी रिपॉझिटरी उघडली. आधी वाटलं, इतिहासच दुरुस्त करावा. पण गिटमध्ये तसं करता येत नाही. म्हणजे येतं, पण प्रत्येक कमिटचा हॅश त्यातल्या मजकुरावरून, लेखकाच्या नावावरून आणि आधीच्या कमिटच्या हॅशवरून निघतो. २००९ मधलं एक नाव बदललं की पुढचे सगळे हॅश बदलतात आणि ज्यांच्या ज्यांच्याकडे कॉपी आहे त्यांच्याशी जुळेनासं होतं. शिलालेख खोडून चालत नाही. खाली नवा कोरायचा.

म्हणून नवा कमिट केला. एकाच वाक्यात बदल, नावांच्या त्या कोनाड्यात. कमिटच्या संदेशात लिहिलं की २००९ च्या भाषांतराचं संपूर्ण संपादन काकूंनी केलं होतं, सुमारे चारशे वाक्यं त्यांनी नव्यानं लिहिली, मुलगा-मुलगी भेद टाळणारी सगळी रचना त्यांची, आणि ही नोंद माझ्या चुकीमुळे राहून गेली. तिकडच्या मेंटेनरनं (मराठीचं अक्षरही न कळणारा माणूस) दुसऱ्या दिवशी तो घेतला आणि वर एक ओळ लिहिली की बरं केलंस.

पण पाठवायच्या आधी काकूंना विचारायला गेलो होतो, नाव कसं लिहू म्हणून. मला वाटलं होतं 'कशाला रे' म्हणतील. त्या म्हणाल्याही. मग जरा थांबून म्हणाल्या, "शाळेच्या मस्टरवर सही करायचे तसं लिही. आद्याक्षरं नको, पूर्ण नाव."

काका पेपरमागून म्हणाले, "स्पेलिंग नीट बघ."

"आणि हे बघ," काकू म्हणाल्या, "ते 'शाब्बास! जमलं!' आहे ना, ते माझं नाही. ते मी घेतलंय."

"कुणाचं घेतलंय?"

"अरे, तू कागद दिले होतेस तेव्हा नात इथं होती सुट्टीला. दुसरीत होती. मी तिलाच एकेक वाक्य वाचून दाखवत होते, कळतंय का म्हणून. 'तू जिंकलास'ला ती म्हणाली, आजी, मी मुलगी आहे. मग मी विचारलं, तुझी बाई काय म्हणते गं गणित सुटलं की? तर म्हणाली, शाब्बास, जमलं!"

म्हणजे 'आणि मुलगी खेळत असेल तर?' हा प्रश्नसुद्धा त्या पोरीचा होता. पंधरा वर्षं मी तो काकूंच्या नावावर सांगत होतो, आणि तेही फक्त मनातल्या मनात.

नात आता पुण्यात नोकरी करते. काकूंनी तिथंच तिला फोन लावला. तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. खूप हसली. नाव घालू का विचारलं तर म्हणाली, "घाला ना काका! रेझ्युमेत टाकीन. वय वर्षं सातपासून ओपन सोर्स."

तेव्हा आता त्या खिडकीत तीन नावं आहेत. नवी आवृत्ती आली की काकांच्या लॅपटॉपवर टाकायला जायचंय. तिच्या शाळेतली ती बाई कोण होती, हे मात्र काकूंनाही आठवत नाही. विचारत आहेत.

ता.क. चिवडा परत मिळाला. यावेळी उतरला. :)